दुसऱ्या बरणीत काय होतं

गेली बावीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायची, भिंगं बदलायची आणि “आता बरं दिसतंय की मघाशी?” हे दिवसातून शंभरदा विचारायचं. ह्या कामात माणसांची एक लबाडी मला चांगलीच माहीत झाली आहे. ज्याला दिसत नाही आणि ते कबूलही करायचं नाही, तो आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून पुढच्या माणसाचं वाचन ऐकतो. मग खुर्चीत बसून तेच घडाघडा म्हणून दाखवतो. खरं वाचणारा शेवटच्या ओळीवर अडखळतो, डोळे बारीक करतो, “हा म आहे की भ?” असं विचारतो. पाठ करून आलेला कुठेच अडखळत नाही. असा कोणी भेटला की मी वाद घालत नाही. उठते आणि फळा उलटा करते. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत.

मागच्या महिन्यात एक बस ड्रायव्हर असाच सापडला. परवान्यासाठी त्याला माझ्या सहीचा कागद हवा होता. बिचारा रडला, घरी तीन तोंडं खाणारी आहेत म्हणाला. मी सही केली नाही. रात्री जेवताना घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “माझ्या नजरेतून कोणी सुटत नाही.” माझा नवरा ताटात बघत म्हणाला, “बरं केलंस.”

आमचे हे डेअरीत दुधाचा वास घेतात. कागदोपत्री त्याला प्रतवारी म्हणतात, पण काम वास घेण्याचंच. सकाळी गाड्या लागतात, कॅन उतरतात. हे एकेका कॅनचं झाकण उचलतात, झाकणाची आतली बाजू नाकाशी नेतात आणि हात करतात. उजवीकडे म्हणजे घ्या, डावीकडे म्हणजे परत. एका कॅनला दोन सेकंद. पुढे लॅब आहे, यंत्रं आहेत, पण डावीकडे गेलेला कॅन लॅबपर्यंत पोचतच नाही. त्याच्यावर अपील नाही. गाय काल काय खाऊन आली इथपासून कॅन धुताना कोणी आळस केला इथपर्यंत सगळं ह्यांना झाकणावरून कळतं, अशी डेअरीत ख्याती. ह्यांचे मुख्य तपासनीस येत्या महिन्यात निवृत्त होणार होते. अकरा वर्षं हे त्यांच्या हाताखाली दोन नंबरला होते, आणि आता ती जागा ह्यांना मिळणार की बाहेरून माणूस आणणार, ह्यावर आमच्या घरात सहा महिने दुसरा विषय नव्हता.

म्हणूनच ती सहल महत्त्वाची होती. डेअरीच्या मोठ्या साहेबांना नुकताच वाइनचा नाद लागला होता. त्यांनी ठरवलं की ह्या वर्षी कर्मचाऱ्यांची सहल जवळपासच्या तीन वाइनरींमध्ये न्यायची, आणि तिसऱ्या ठिकाणी, संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी, नव्या मुख्य तपासनिसाचं नाव जाहीर करायचं. मिनीबसमध्ये आम्ही चौदा जण होतो. “दूधवाले निघाले दारू प्यायला,” असं मी चढता चढताच म्हटलं. साहेब पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, “वहिनी, वाइनला दारू म्हणू नका. तिचा अपमान होतो.” मी म्हटलं, “बरं, नाही म्हणत. चढल्यावर काय म्हणायचं ते आधी सांगून ठेवा.” सगळे हसले. हे हसले नाहीत. खिडकीकडे बघत बसले होते. टेन्शन असणार, असं मला वाटलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पहिल्या वाइनरीत एका लांबट खोलीत आम्हाला बसवलं. प्रत्येकापुढे कागद, कागदावर चार गोल, प्रत्येक गोलावर एक ग्लास, आणि शेजारी एक छापील कार्ड. टेबलाच्या मधोमध थुंकायला भांडी ठेवलेली. माहिती सांगणाऱ्या माणसाचा चष्मा डाव्या कानावर चढलेला होता. तो सरळ करायला माझे हात शिवशिवत होते. त्याने ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक आत घालून आधी वास कसा घ्यायचा हे दाखवलं. घोट तोंडात खेळवून भांड्यात थुंकायचा, असंही सांगितलं. आमच्यातलं कोणीही थुंकलं नाही. फुकट मिळालेलं थुंकायला आम्ही काय वेडे आहोत?

पहिली वाइन पांढरी होती. साहेबांनी ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “आपल्याकडे नाक असताना मी कशाला बोलू? तुम्ही सांगा.” सगळ्यांच्या माना आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. ह्यांनी ग्लास नाकाशी नेला, तोही दोनच सेकंद, डेअरीतल्या झाकणासारखा, आणि म्हणाले, “हिरवं सफरचंद. थोडं ताजं गवत. शेवटी लिंबू.”

टाळ्या पडल्या. मी माझा ग्लास हुंगून बघितला. मला नुसता आंबूस वास आला. मग माझं लक्ष कार्डाकडे गेलं. पहिल्या वाइनखाली लिहिलं होतं: हिरवं सफरचंद, ताजं गवत, शेवटी लिंबू. त्याच क्रमाने. मी ह्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “पाठांतर छान आहे हं.” मला वाटलं हसतील. त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी कार्ड ग्लासाखाली सरकवलं.

मी मनात म्हटलं, जाऊ दे. साहेबांपुढे थोडी शायनिंग मारली तर कुठे बिघडलं? दुधातला माणूस आहे, द्राक्षाचं त्याला काय कळणार? उरलेल्या तीन ग्लासांचंही तेच झालं. मी मात्र ते तिन्ही ग्लास नीट रिकामे केले आणि माझा दिवस चांगला चालला होता.

दुसरी वाइनरी जुनी होती, एका बाईच्या मालकीची. तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेला वाचायचा चष्मा होता. तळघरात लाकडी पिंपं रांगेने आडवी मांडलेली, गार हवा आणि एका टोकाला टेबल. टेबलावर काळ्या कागदात गुंडाळलेल्या सहा बरण्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. आत काय आहे ते न बघता वासावरून ओळखायचं. मालकिणीच्या हातात उत्तरांची यादी होती. एकेकाने यायचं, पहिल्यापासून सहावीपर्यंत वास घ्यायचा आणि मोठ्याने सांगायचं.

“हा पोरखेळ आहे,” हे म्हणाले आणि जवळच्या बाकावर बसले. “तुम्ही खेळा.”

“असं कसं?” साहेब म्हणाले. “तुम्ही शेवटी या. आधी आमची फजिती होऊ द्या, मग तुम्ही लाज राखा.”

फजिती झालीच. मिनीबसच्या ड्रायव्हरने गुलाबाला अंगाचा साबण म्हटलं. हिशोबनीस लाकडाच्या भुशाला औषध म्हणाले. साहेबांची तीन बरोबर आली आणि तीही त्यांनी छाती फुगवून मिरवली. मला चार आली. ह्यांच्या हाताखाली काम करणारी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, तिने पाच ओळखल्या, आणि व्हॅनिलापाशी थांबली तेव्हा मालकिणीने सांगून टाकलं. मग मालकिणीने आम्हा खेळून झालेल्यांना जवळ बोलावून हळू आवाजात क्रमाने सांगितलं, “लवंग, कॉफी, लाकडाचा भुसा, गुलाब, व्हॅनिला, लिंबाची साल. आता राहिले फक्त तज्ज्ञ.” आणि ती बिस्किटांची थाळी आणायला आत गेली.

मी सहज ह्यांच्याकडे पाहिलं. ते बाकावर बसले होते, नजर जमिनीवर होती आणि ओठ किंचित हलत होते.

बाकावर बसून हलणारे ओठ मी बावीस वर्षं पाहते आहे. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात संशय नव्हता. चार ग्लासांची मस्ती होती. मला वाटलं, हे आळशी झालेत, ऐकून ऐकून उत्तरं देणार आणि सुटणार. तर जरा गंमत करू. मी दुसरी आणि सहावी बरणी बदलते. हे म्हणतील, “अहो, दुसरीत कॉफी कुठे आहे? ही तर लिंबाची साल!” मग मी कबूल करीन, सगळे थक्क होतील, आणि साहेबांना कळेल की नाक कशाला म्हणतात. मी पुन्हा एकदा वास घेण्याच्या निमित्ताने टेबलापाशी गेले आणि बरण्यांची अदलाबदल केली. पाच सेकंदांचं काम. कोणी पाहिलं नाही.

मालकीण आली. हे उठले. पहिल्या बरणीवर वाकले. “लवंग.” दुसरीवर वाकले. मी हसू दाबून धरलं होतं.

“कॉफी,” हे म्हणाले.

आणि तिसरीकडे वळले. “लाकडाचा भुसा. गुलाब. व्हॅनिला. लिंबाची साल.”

कुठे थांबले नाहीत, कुठे अडखळले नाहीत. मालकिणीने यादीवर बोट फिरवलं आणि दोन्ही हात वर केले. “सहाच्या सहा! इतक्या वर्षांत चौथा माणूस!” तळघर टाळ्यांनी दणाणलं. साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, “ह्याला म्हणतात नाक!” चिमणीने शिट्टी वाजवली.  मी टेबलापाशी गेले, दुसरी बरणी उचलली आणि हुंगली. लिंबाची साल. डोळ्यांत पाणी येईल इतका तो वास झणझणीत होता. सर्दी झालेल्या पोरालासुद्धा कळला असता.

मी पिंपाला टेकून उभी राहिले. सात-आठ महिन्यांतल्या एकेक गोष्टी समोर येऊन उभ्या राहायला लागल्या. दूध ओट्यावर जळून कोळसा झालं आणि हे बाजूलाच बसून पेपर वाचत होते. वॉशिंग मशीनमागे उंदीर मरून चार दिवस पडला, तर म्हणाले, “मला काही येत नाही बुवा वास,” आणि मी त्यांना कामचुकार म्हटलं. आणि एकदा मी बाहेरून आले तेव्हा घरभर गॅस पसरला होता. शेगडीचं बटण अर्धवट राहिलेलं, आणि हे शेजारच्या खोलीत झोपलेले. त्या दिवशी मी अख्खी सोसायटी ऐकेल अशा आवाजात भांडले, वेंधळा म्हणाले, म्हातारा म्हणाले. एवढं सगळं होऊन मला कळलं नाही. जगाचे डोळे तपासणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सगळे वर गेले. मी ह्यांची बाही धरून त्यांना वाइनरीमागे नेलं. तिथे धुतलेले ड्रम उलटे टाकून ठेवले होते.

“दुसऱ्या बरणीत काय होतं?”

“कॉफी.”

“लिंबाची साल होती. मी बदलली होती.”

ते एका ड्रमवर बसले. चेहरा एकदम पांढरा पडला होता.

“कधीपासून?”

“थंडीत ताप आला होता ना मला. तेव्हापासून.”

“सात महिने? सात महिने तुम्हाला कसलाच वास येत नाही? आणि मला सांगितलं नाहीत?”

“आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं येईल आठवडाभरात. मग साहेबांनी बोलावून सांगितलं की जागा रिकामी होतेय, तुमचं नाव मनात आहे. मग कोणत्या तोंडाने सांगू? अगं, मला दुसरं काय येतं? तीस वर्षं मी एवढंच केलंय.”

 मग एकदम आठवलं. आमची दोन वर्षांची नात त्याच डेअरीचं दूध पिते.

“आणि कॅन? कॅन कसे पास करता?”

“आधी चिमणीला झाकण उचलायला लावतो. शिकवतोय असं दाखवतो. तिचं नाक मुरडलं की मला कळतं.”

“आणि ती नसते तेव्हा?”

“तेव्हा शंका आली की डावीकडे.”

“शंका कशावरून येते? वास तर येत नाही.”

त्यांनी हात हवेत फिरवला. “रंग. फेस. कॅन कसा आहे, धड आहे की नाही. माणूस नीटनेटका आहे का. पण एक सांगतो, देवाशपथ, खराब दूध मी पुढे जाऊ दिलं नाही. जरा शंका आली की परत. कोणाच्या पोटात वाईट गेलं नाही, एवढं मी सांभाळलं.”

हे ऐकून मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरंच वाटलं. म्हटलं, चला, कोणाचं वाकडं तर झालं नाही. परत गेलेलं दूध कोणीतरी घरी प्यायलं असेल, त्याचं दही लावलं असेल. मी डोक्यात भराभर सगळं लावून टाकलं. आज नाव जाहीर होऊ द्यायचं. उद्या गुपचूप नाकाच्या डॉक्टरकडे जायचं. मुख्य तपासनिसाला रोज झाकणं उचलावी लागत नाहीत, तो फक्त देखरेख करतो. म्हणजे उलट बरंच. हळूहळू सगळं मार्गी लागेल.

“संध्याकाळपर्यंत तोंड उघडू नका,” मी म्हटलं. “पुढच्या ठिकाणी वाइनचा वास विचारला तर सांगा जेवण जड झालंय. मी बघते बाकीचं.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “त्या ड्रायव्हरला तू सही दिली नव्हतीस.”

“तो माझा नवरा नव्हता,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर मलाच ऐकवेना.

तिसऱ्या वाइनरीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. जेवणाची खोली द्राक्षांच्या बागेकडे तोंड करून होती. खिडक्या मोठ्या आणि उघड्या. मी मुद्दाम ह्यांच्या उजव्या हाताला बसले. साहेब समोर. त्यांच्या खिशातून एका लिफाफ्याचं टोक बाहेर डोकावत होतं आणि माझी नजर तिथून हलत नव्हती. आता फक्त खाणं उरकायचं आणि तो लिफाफा फुटायचा, एवढंच राहिलं होतं.

वाइन ओतायला एक बाई आली. चाळिशीची असेल, काटक, कामाची सवय असलेले रुंद पंजे, पुढे वाइनरीचा तपकिरी एप्रन. बाटली कशी धरायची हे तिला नुकतंच शिकवलेलं दिसत होतं. साहेबांचा ग्लास भरला, चिमणीचा भरला, आणि ह्यांच्यापाशी येऊन थांबली.

“साहेब, तुम्ही?” तिचा चेहरा उजळला. “ओळखलंत का? नसेल ओळखलं. नदीपलीकडच्या गाडीत माझा कॅन यायचा. बाजूला मोठा पोचा आलेला.”



“अरे वा, म्हणजे आपल्याच!” साहेब खुशीत म्हणाले. “मग आता दूध घालत नाही का?”

“नाही. गाई विकल्या. तीन होत्या.” ती ओतता ओतता बोलत होती, तक्रारीचा सूरही नव्हता. “उन्हाळ्याच्या तोंडाला ह्या साहेबांनी चार दिवस ओळीने कॅन परत पाठवला. चौथ्या दिवशी मी स्वतः गाडीबरोबर आले होते. म्हटलं, बघू तरी काय बिघडतंय. साहेबांनी झाकण उचललं आणि डावीकडे हात केला.”

“तेव्हा मी लग्नाच्या रजेवर होते वाटतं,” चिमणी माझ्याकडे वळून म्हणाली. “नाहीतर मला आठवलं असतं. पोचा आलेला कॅन माझ्या चांगला लक्षात आहे. दूध छान असायचं त्यातलं.”

माझ्या हातातला ग्लास खाली ठेवताना टेबलावर आपटला. वाइन सांडली. कोणाचं लक्ष गेलं नाही.

“आमची तपासणी कडक आहे बरं का,” साहेब बाकीच्यांना सांगत होते. “ह्यांच्यापुढे कोणाची गय नाही.”

“ते बरोबरच आहे,” बाई म्हणाली. “माझं मलाच कळत नव्हतं ना. मी घरी दहा-दहा वेळा वास घेऊन पाहिला, मला चांगलाच लागायचा. पण साहेबांचं नाक ते नाक. ते म्हणतात म्हणजे असणारच काहीतरी. कॅन धुवायचं काम नवऱ्याकडे होतं. मी त्याला म्हटलं, तूच नीट धूत नाहीस. तो शपथा घ्यायचा, गरम पाण्याने धुतो म्हणायचा. चार दिवस मी त्याला काय काय बोलले, विचारू नका. आळशी म्हणाले, खोटारडा म्हणाले, घाणेरडा म्हणाले. लोकांसमोर म्हणाले. पाचव्या दिवशी तो म्हणाला, मी खोटारडा, तर मग विकून टाक गाई. रागारागात विकल्यासुद्धा. तो आता दूर बांधकामावर असतो. फोन मी करत नाही, तोही करत नाही.” तिने बाटलीचं तोंड फडक्याने पुसलं. “जाऊ द्या. तुम्ही आनंदाला आलात आणि मी काय घेऊन बसले. घ्या साहेब, ही चांगली आहे म्हणतात.”

मी टेबलाखाली ह्यांचा हात घट्ट धरला. दाबला. गप्प बसा, असं त्या दाबण्यातून सांगत होते. मला तेव्हाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. त्या बाईचं तोंड बघवत नव्हतं आणि तरीही मला तो लिफाफा हवा होता.

साहेब ग्लास घेऊन उभे राहिले. दुसऱ्या हाताने त्यांनी लिफाफा बाहेर काढला. “मंडळी, योगायोग पाहा. ह्या ताईंनीच माझं भाषण करून टाकलं. ज्याच्या नाकावर लोक स्वतःच्या नाकापेक्षा जास्त विश्वास ठेवतात, असा माणूस…”

हे उठले. माझ्या हातातून त्यांनी आपला हात काढून घेतला, हळूच, एकेक बोट सोडवून.

“तुमचं दूध चांगलं होतं,” ते त्या बाईला म्हणाले.

बाई हसली. “असू द्या साहेब, बरं वाटावं म्हणून सांगू नका.”

“मला वास येत नाही. सात महिने झाले. कसलाच येत नाही. त्या चार दिवसांत माझ्यापाशी विचारायला कोणी नव्हतं. तुमच्या कॅनला पोचा होता म्हणून मी परत पाठवला. चारही दिवस. दुसरं काही कारण नव्हतं.”

 साहेबांचा ग्लास तसाच वर होता, तोंड उघडं. चिमणीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मग साहेब म्हणाले, “काय बोलताय काय तुम्ही? आत्ता दुपारी सहाच्या सहा…”

“दुसऱ्या बरणीत लिंबाची साल होती,” मी म्हटलं. मी उभी कधी राहिले ते मला कळलं नाही. “मी बदलली होती. ते कॉफी म्हणाले. मला दुपारपासून माहीत आहे आणि मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.”

साहेब खाली बसले. लिफाफा त्यांनी टेबलावर उपडा ठेवला. मला वाटलं होतं की त्या लिफाफ्याचं असं काही झालं तर मी तिथेच मरेन. पण मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी त्या बाईकडे बघत होते. ती ओरडेल, बाटली फेकून मारेल, ह्यांची गचांडी धरेल, ह्यातलं काहीही चाललं असतं. तिने तसं काही केलं नाही. बाटली नीट टेबलावर ठेवली.

“म्हणजे तो कॅन धूत होता,” ती म्हणाली.

“हो,” हे म्हणाले.

“गरम पाण्याने.”

“हो. बाई, माझं…” हे म्हणाले. हात जोडायला गेले ते अर्ध्यातच राहिले.

तिने तिकडे पाहिलंही नाही. एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, खिशातून फोन काढला आणि आमच्यातून वाट काढत बाहेर गेली. बागेच्या कडेला उघड्या खिडकीपासून दहा पावलांवर ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. फोन कानाला लावून बराच वेळ उभी होती. आत कोणी खात नव्हतं, पीत नव्हतं. एक जण खुर्ची सरकवायला गेला तर चिमणीने त्याला हाताने थांबवलं.

मग पलीकडून कोणीतरी फोन उचलला असावा, कारण तिची पाठ एकदम ताठ झाली.

“मी बोलतेय,” ती म्हणाली. “ठेवू नकोस. माझं चुकलं.”

ह्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. ती तेच पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्याने, कदाचित तिकडे बांधकामाचा आवाज असेल. “अरे, माझं चुकलं. ऐकू येतंय का?”

आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.